शालूबाईंच्या नावची चिठ्ठी

पुस्तिकांचा गठ्ठा छापखान्यातून दुकानात न येता मंगळवार पेठेतल्या घरी आला, तेव्हाच अक्षतानं काय ते ओळखायला हवं होतं. गठ्ठा घेऊन आली होती क्रांती, तिची थोरली नणंद. इचलकरंजीच्या शाळेत मराठी शिकवणारी क्रांती रविवारी एवढ्या सकाळी कधी येत नसे. आज आली, आणि चपला काढायच्या आधी तिनं दातानं सुतळी तोडली.

"आई, हात पूस आणि इकडं ये. बघ काय आणलंय."

शालूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, नाकावर चष्मा चढवला आणि पुस्तिका हातात घेतली. मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो होता. दुकानाच्या गल्ल्यापाशी, हाच चष्मा, हेच गंभीर तोंड. त्यांनी फोटोखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"शालू… बाई… सांग… तात." त्या थांबल्या. "माजंच नाव की ग."

"तुझंच. आज दुपारी चार वाजता सगळ्यांच्या हातात असणार." क्रांतीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा असते तर नाचले असते."

अक्षता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनंही एक प्रत उचलली. आतल्या चिठ्ठ्या ती न वाचता ओळखत होती. सात वर्षं त्या तिच्याच अक्षरात दुकानातल्या पुस्तकांना टाचलेल्या होत्या. ती भरभर पानं उलटत शेवटच्या पानावर आली. तिथं बारीक टायपात दोन ओळी होत्या. संकलन, क्रांती कुरणे. टंकलेखन, सौ. अक्षता.

"टंकलेखन कुणी केलंय?" तिनं विचारलं.

"तूच की. आदर्शनं चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले, तुझ्या अक्षरावरनं तर छापखान्यातल्या पोरांनी छापलं." क्रांती आईकडेच बघत होती. "नाव राहायला नको म्हणून घातलं. तुला वाईट वाटलं असतं."

शालूबाईंनी मान वर केली आणि क्षणभर सुनेकडं बघितलं. पुन्हा त्यांचं बोट ओळीखाली सरकू लागलं.

अक्षता आत गेली आणि कढईखालचा गॅस उगाचच मोठा केला.

शाहूपुरीतलं 'उजेड बुक स्टॉल' आज पस्तीस वर्षांचं झालं होतं, आणि त्या निमित्तानं चार वाजता दुकानातच शालूबाईंचा सत्कार होता. तिचे सासरे ज्ञानू कुरणे आधी जयंतीच्या मैदानात, सभांच्या मांडवाबाहेर जमिनीवर चादर अंथरून पुस्तकं विकायचे. शालूबाई शेजारी बसायच्या. वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाईक थांबलं की कुठलं पुस्तक पुढं करायचं ते त्यांना नवऱ्याच्या बोलण्यावरून आणि पुस्तकाच्या रंगावरून पाठ झालेलं. "निळं घ्या पावणं, ज्येंनी नेलं त्ये परत आलं," असं म्हणायच्या, आणि माणूस निळं घेऊन जायचा. ज्ञानू गेल्यावर क्रांतीनं वर्षभर दर रविवारी येऊन आईला अक्षरं शिकवली. तेव्हा शालूबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी दुकान भावाच्या, म्हणजे अक्षताच्या नवऱ्याच्या, आदर्शच्या नावावर झालं आणि क्रांतीनं दुकानाची पायरी चढणं सोडलं. घरी यायची, आईपाशी बसायची, दुकानाचं नाव काढायची नाही.

चिठ्ठ्यांची कल्पना अक्षताची. ती गडहिंग्लजची, मराठीत एम. ए. झालेली. ज्याला पुस्तक आवडलं त्यानं का आवडलं ते पाव कागदावर लिहायचं आणि पुस्तकाला टाचायचं, मग तो दुकानातला असो की गिऱ्हाईक. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. एका रिक्षावाल्यानं प्रवासवर्णनावर लिहिलं होतं, 'स्टॉपवर भाडं नसताना वाचलं. भाडं आलं तेव्हा राग आला.' तालमीतल्या एका वस्तादांनी पक्ष्यांवरच्या पुस्तकाला टाचलं होतं, 'पैलवानांनी वाचावे. एवढेसे खाऊन केवढे उडतात ते कळते.'

आणि शालूबाईंच्या चिठ्ठ्या. त्या दोन महिन्यांत एक पुस्तक वाचायच्या, संपलं की सांगायच्या, अक्षता लिहून घ्यायची. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर, 'जाड हाय म्हून भिऊ नगा. निम्मी पानं लढाईची हायत, ती सोडली तरी राजा मरायचा ऱ्हात न्हाय.' कवितांवर, 'एका येळला एकच घ्या. ग्वाड हाय, पन लई खाल्लं की बाधतंय.' लोक या चिठ्ठ्यांचे फोटो काढायचे. पुण्यामुंबईहून फोन यायचे. आज्जीनं सांगितलेलं ते पाठवा.

अक्षताच्या चिठ्ठ्याही होत्या. 'बहुपेडी निवेदनातून ग्रामवास्तवाचा वेध घेणारी सशक्त कलाकृती.' कडा पिवळ्या पडून त्या आपापल्या पुस्तकांना चिकटून बसल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी 'शेवटच्या गल्लीचं पाणी' नावाची एक बारकी कादंबरी दुकानात आली. गावाला पाणी सोडणाऱ्या बाईची गोष्ट. रोज पहाटे ती किल्लीनं व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीला पाणी देते, आणि तिची स्वतःची गल्ली शेवटची, तिथवर पाणी पोचतच नाही. अक्षतानं ती एका दुपारीत वाचली आणि उठून पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. तिनं चिठ्ठी लिहिली, खाली स्वतःचं नाव घातलं. चार महिने कुणी हात लावला नाही. दुसरी लिहिली, सोपी. तिलाही नाही. मग एका दुपारी दुकानात कुणी नसताना तिनं तिसरी लिहिली. 'घरातलं एक मानूस गेलं की नळाचं पानी बी निराळं वाजतंय. ज्येला ऐकू येतंय त्येनं ह्ये वाचावं.' खाली लिहिलं, शालूबाई.

आठवड्यात सगळ्या प्रती गेल्या. पुन्हा मागवल्या, त्याही गेल्या. त्यानंतर तिनं आणखी आठ चिठ्ठ्या तशाच लिहिल्या. प्रत्येक वेळी पुस्तक खपलं की तिला आनंद व्हायचा, आणि गिऱ्हाईक "आज्जींनी काय लिहिलंय हो!" म्हणालं की पोटात आग पडायची. सासूचा ती दुस्वास करत होती असं नाही. पण कुणी शालूबाईंच्या पाया पडायला वाकलं की अक्षता तोंड फिरवून कपाट आवरायला लागायची.

त्या नऊच्या नऊ चिठ्ठ्या आता पुस्तिकेत छापून आल्या होत्या.

दुपारी बाराला ती दुकानात गेली. आदर्श मधली रॅक भिंतीला सरकवून खुर्च्या मांडत होता. अंगात नवा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला.

"पुस्तिका बघितली?" त्यानं विचारलं. "आक्कानं नाद खुळा काम केलंय की नाही?"

"त्यातल्या नऊ चिठ्ठ्या आत्तींच्या नाहीत." सासूला ती आत्ती म्हणायची, तिच्या माहेराकडं तशीच रीत होती.

"मग कुणाच्या?"

"माझ्या."

"तू लिहून घेतेस ते ठाऊक आहे की मला."

"लिहून नाही घेतल्या. मी लिहिल्या. पुस्तकं मी वाचली, मत माझं, वाक्यं माझी. खाली नाव तेवढं त्यांचं घातलं."

आदर्शनं हातातली खुर्ची उघडता उघडता तशीच धरून ठेवली. "का पण?"

"माझ्या नावानं कोण हात लावत नव्हतं म्हणून."

"आईला माहीत हाय?"

"नाही."

"आक्काला?"

तिनं मान हलवली. आदर्शनं दाराकडं बघून आवाज उतरवला. "मग आज तोंड उघडू नको. आक्का नऊ वर्षांनी दुकानात पाय ठेवायला लागलीय. बाबांच्या माघारी दुकान मला मिळालं, तिला काय मिळालं? तिला आईचं काहीतरी करावंसं वाटलं, करू दे. आणि नाव कुणाचं का असंना, घर एकच हाय की."

"घर एक आहे, मग टंकलेखन माझंच कसं?"

"आता एका शब्दावरनं भांडण काढणार हायस काय?"

"तुम्ही तिच्या बाजूनं बोलताय."

"मी कुणाच्या बाजूनं न्हाय. मी खुर्च्या मांडतोय," असं म्हणून आदर्शनं खुर्ची धाडकन खाली ठेवली.

साडेतीनला ती शालूबाईंना आणायला गेली. क्रांती फुलं घेऊन आधीच पुढं गेली होती. शालूबाईंनी जांभळी इरकल नेसली होती. स्कूटरवर मागं बसल्या आणि नेहमीप्रमाणं एक हात अक्षताच्या खांद्यावर ठेवला. पिशवीत पुस्तिका होती, सकाळपासून त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

शाहूपुरीच्या वळणावर त्यांनी विचारलं, "आज लोकं काय इचारतील काय ग? मला सभेत बोलाय येत न्हाय."

हीच वेळ होती. त्या नळाच्या चिठ्ठीचं सांगून टाकावं, निदान ती कादंबरी कशाची आहे एवढं तरी कानावर घालावं. सत्कार ठेवणाऱ्या वाचनकट्ट्याची अनुजा तीच चिठ्ठी जाहीर वाचणार होती, हे अक्षताला दोन दिवसांपासून ठाऊक होतं. ती गाडी बाजूला घेऊ शकत होती.

"पुस्तकांचं विचारतील," ती म्हणाली. "तुम्ही सांगा की, नेहमीसारखं."

"व्हय?"

"व्हय आत्ती. तुम्हाला काय अवघड आहे?"

स्वतःच्या आवाजातला गोडवा तिला ऐकू आला. तिनं गाडी थोडी जोरात घेतली. होऊ दे एकदा. दोन वर्षं सगळे ज्या पायांना हात लावतात ते पाय जरा लटपटू देत. मग कळेल, कोण काय आहे ते.

दुकान भरलं होतं. खुर्च्या संपल्या म्हणून काहीजण रॅकना टेकून उभे होते. क्रांती दारात पुस्तिका वाटत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "माझ्या आईची." तिनं शालूबाईंना हात धरून मधल्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर ती स्वतः बसली. अक्षता गल्ल्यामागं उभी राहिली, तिची रोजची जागा.

अनुजानं प्रास्ताविक केलं. कॉलेजात शिकवणारी, नाकात बारीक चमकी, बोलताना हात हलवणारी मुलगी. "मोठमोठी परीक्षणं वाचून मी पुस्तक घेत नाही," ती म्हणाली, "पण आज्जींची चिठ्ठी वाचली की घेतल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यात आवडती मी वाचून दाखवते." आणि तिनं पुस्तिका उघडून वाचलं, "घरातलं एक मानूस गेलं की नळाचं पानी बी निराळं वाजतंय…"

वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाजूला एका बाईनं नाक ओढलं. अक्षतानं गल्ल्यावरची पुस्तिका आपल्याकडं ओढली. माझं आहे ते. हे जे गप्प झालेत ते माझ्या ओळीनं गप्प झालेत. आणि सगळे बघताहेत कुठं, तर त्या जांभळ्या इरकलीकडं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले बाळासो उठले. एस. टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली होती.

"आज्जी, ही चिठ्ठी वाचूनच मी त्ये पुस्तक न्हेलं," ते म्हणाले. "आमची मंडळी गेल्यापास्नं सकाळी बादली लावली की मला बी तसंच वाजतंय. मला वाटलं मला येड लागलं. तुमी लिव्हलंसा तवा कळलं की दुसऱ्याला बी ऐकू येतंय. चारदा वाचलं मी. एकच कोडं सुटंना. शेवटाला ती बाई व्हॉल्व्हची किल्ली टाकीत फेकून देती. का फेकली? तुमी सांगा. म्हून आलोय मी आज."

शालूबाईंनी पिशवीतून पुस्तिका बाहेर काढली.

क्रांती हसून म्हणाली, "सांग की आई."

कुणीतरी खुर्ची सरकवली. पंखा फिरत होता. शालूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. अक्षता गल्ल्याच्या कडेला धरून उभी होती. हा क्षण तिनं दुपारभर चघळला होता, आणि आला तेव्हा पहिला घास खरंच गोड लागला. दुसऱ्याला तिला सासूचं बोट दिसलं. ते मांडीवरच्या पुस्तिकेत ओळ शोधत होतं.

"मी न्हाय वाचल्यालं," शालूबाई म्हणाल्या.

"काय?" बाळासोंना ऐकू आलं नसावं.

"त्ये पुस्तक मी वाचल्यालं न्हाय. चिठ्ठी बी माजी न्हाय. माज्या सुनंनं लिव्हल्याली हाय. ती बगा, तिकडं हुबी हाय."

सगळ्या माना एकदम वळल्या. अक्षताला वाटलं, गल्ल्याखाली बसावं.

"आई, काहीतरीच काय बोलतेस?" क्रांती उठली. "विसरली असशील तू."

"मी काय विसरल्याली न्हाय. मी हाळू वाचतो, पन वाचतो न्हवं? चिठ्ठीखाली माजं नाव मला दिसत न्हाय व्हय? वरीस झालं बघून."

"मग बोलली का नाहीस?"

सभेला सांगावं तसं नाही, घरात सांगावं तसं शालूबाई म्हणाल्या, "ग्वाड लागत हुतं. लोकं म्हनायची, आज्जी काय लिव्हलंय. मी गप बसायचो. आनि घरात जाऊन जळायचो. ही पोरगी एका दुपारीत पुस्तक संपवती. मला दोन म्हयनं लागत्यात. आनि वर माज्यासारखं बोलाय बी हिला येतंय. मग मी कशाला हाय?"

अक्षताचा हात गल्ल्यावरून सुटला. आत्ती तिच्यावर जळत होत्या. अकरा वर्षं एका घरात राहून हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

क्रांती रांगांमधून वाट काढत गल्ल्यापाशी आली. तिचे कान लाल झाले होते. "तू माझ्या आईच्या तोंडाचा वापर केलास. तिचा नवरा गेला, आणि त्याच्यावर तू वाक्य केलंस. लाज नाही वाटली?"

"ते वाक्य बाबांवर नव्हतं," अक्षता म्हणाली. "माझे वडील गेले तेव्हा मी गडहिंग्लजला होते. दुपारी आईनं बादली लावली. वडील असताना ते नळ सुरू झाला की ओरडायचे, कमी कर, पाणी उडतंय. त्या दिवशी कोण ओरडलं नाही. ते मला ऐकू आलं. माझ्या नावानं ते कुणी वाचलं नसतं, ताई. दोनदा करून बघितलं मी."

"म्हणून चोरायचं?"

"मी दिलं. चोरलं नाही." आणि मग तिच्या तोंडून ते गेलंच. "आणि परत मिळावं असं रोज वाटत होतं."

आदर्श बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, कुणाचा हात धरावा ते न कळून. एका माणसानं पुस्तिका खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेला. अनुजा शाल हातात घेऊन तशीच उभी होती.

"म्हंजे," बाळासो हळूच म्हणाले, "मी रडलो ती ह्या वैनींच्या चिठ्ठीवर?"

ते अक्षताकडं वळले.

"मग वैनी, तुमी सांगा. किल्ली का फेकली?"

अक्षतानं ओठ ओले केले. "मला वाटतं, तिला सुटका हवी होती. रोज दुसऱ्यांना पाणी द्यायचं आणि आपली घागर रिकामी. किल्ली फेकली म्हणजे ती मोकळी झाली."

"ह्यॅ!" बाळासोंनी हात उडवला. "न्हाय पटत. मोकळं व्हायचं तर किल्ली दुसऱ्याला देऊन घरी गेली असती. तिनं सूड घेतला. उद्या सगळ्या गावाला कळू दे, नळ कोरडा कसा वाटतोय."

"सूड घेणारी बाई नाही ती. आधीच्या प्रकरणात पाटलाच्या म्हशीला सुद्धा ती पाणी पाजते."

"म्हशीनं काय घोडं मारलं हुतं? पाटलाला पाजलं का?"

कुणीतरी हसलं. रॅकला टेकलेली एक बाई म्हणाली की तिनंही ते वाचलंय आणि तिला दोघांचंही पटत नाही. तिघं एकदम बोलू लागले. अक्षताच्या लक्षात आलं की ती गल्ल्याबाहेर आलीय, हातवारे करतीय, आणि लोक तिच्याकडं बघून तिच्याशी भांडताहेत.

"थांबा की," खुर्चीवरून शालूबाई म्हणाल्या. "मला एक सांगा. किल्ली फेकली तवा पानी चालू हुतं का बंद?"

भांडणारे तिघंही शालूबाईंकडं वळले.

"बंद करून किल्ली फेकली आसंल तर सूड," शालूबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "पन चालू करून फेकली आसंल, तर मग आता कुनालाच त्ये बंद करता येनार न्हाय. वाहत ऱ्हानार. वाहत वाहत कवातरी शेवटच्या गल्लीला पोचंल की. चादरीवर बसायच्या आदी मी शेवटच्याच गल्लीत ऱ्हायलोय, म्हून इचारलं. काय लिव्हलंय पुस्तकात?"

बाळासोंनी अक्षताकडं बघितलं. अक्षतानं बाळासोंकडं.

"ध्यानात न्हाय," बाळासो म्हणाले.

अक्षतानं ते पुस्तक पाच वेळा वाचलं होतं. शेवटचं पान तिला जवळजवळ पाठ होतं, किल्ली, टाकी, काळं पाणी, बाईचा ओला हात. पण व्हॉल्व्ह उघडा होता की मिटलेला, ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. आणि ज्या बाईनं पुस्तकाचं पानही उघडलं नव्हतं तिनं एका वाक्यात तिथं बोट ठेवलं. सकाळपासूनचा सगळा मत्सर एकीकडं आणि आत्ताचा हा एकीकडं. हा जास्त खोल गेला, कारण या वेळी नाव खरंच शालूबाईंचं होतं.

अनुजानं घसा खाकरला. "आज्जी, सत्कार… मग करायचा की…?"

"करा की," शालूबाई म्हणाल्या. "बाकीच्या चिठ्ठ्या माज्याच हायत. आना ती शाल."

लोक हसले, आणि या वेळी टाळ्या वाजवल्या. क्रांतीनं वाजवल्या नाहीत. उरलेल्या पुस्तिका पिशवीत भरत ती आदर्शला म्हणाली, "ह्या मी परत नेते. ती नऊ पानं काढल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत."

"त्या पानांवर अक्षताचं नाव घालून छापूया की, आक्का."

"तू पडलास बायकोच्या बाजूला."

"दुपारी हिच्या मते मी तुझ्या बाजूला होतो."

क्रांतीनं आईच्या गालाला हात लावला, अक्षताकडं न बघता पायरी उतरली आणि इचलकरंजीच्या गाडीला गेली. आदर्श तिला सोडायला मागं धावला.

सहा वाजेपर्यंत खुर्च्या आवरून झाल्या. दोघी घरी आल्या. परतीच्या वाटेवर शालूबाईंनी खांद्यावर हात ठेवला नाही, त्या गाडीची मागची दांडी धरून बसल्या होत्या. अक्षतानं ते सहन केलं. घरात शिरल्यावर त्यांनी शाल घडी करून ट्रंकेत टाकली, इरकल सोडून घरचं पातळ नेसलं आणि बाहेरच्या सोप्यात येऊन बसल्या.

"आत्ती," अक्षता म्हणाली, "तुम्हाला विचारणार आहेत ते मला ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"ठावं हाय. गाडीवर लई ग्वाड बोलत हुतीस."

"मग तिथं सगळ्यांसमोर हे का नाही बोललात?"

"बोलून काय करू? माजं बी हात काय धुतल्याले हुते?" शालूबाईंनी गुडघ्यावरची घडी सरळ केली. "पन एक सांगतो. त्या नळाचं तू बरं लिव्हलंस. तुजा सासरा गेल्यावर मला बी तसंच ऐकू येत हुतं. मला ऐकू आलं आनि लिव्हलं तू. ह्येचा राग हाय मला. बाकी कशाचा न्हाय. आनि ह्यो जानार न्हाय."

"माझा पण जाणार नाही," अक्षता म्हणाली.

"नसंना." त्यांनी हात पुढं केला. "दे त्ये पुस्तक."

अक्षतानं पर्समधून आपली प्रत काढली. अंगठा आपोआप शेवटच्या पानाकडं गेला. उघडायचं, एक नजर टाकायची, उघडा की मिटलेला, एवढंच तर बघायचं होतं.

शालूबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. "न्हाय. बगू नगंस. मी गाठतो तितवर, मग सांगतो."

"दोन महिने लागतील आत्ती."

"लागू देत. तू बी थांब."

त्यांनी दिवा लावला, चष्मा चढवला, पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "पाटेच्या… पाराला… गाव… निज… निजल्यालं… असतं… तवा…"

बोट थांबलं. पुढचा शब्द जोडाक्षराचा होता. अक्षताला तो ठाऊक होता, जिभेच्या टोकावर होता. ती उंबऱ्यापाशी बसून राहिली, सांगितला नाही. शालूबाई शब्दाभोवती दोनदा फिरल्या, मागं आल्या, पुन्हा त्याच्यावर गेल्या आणि एकदम तो त्यांना सुटला.

"…व्हॉल्व्हमधनं… आधी… हवा येते. पानी… मागनं… येतं."

त्या थांबल्या आणि मान वर करून भिंतीकडं बघत राहिल्या, जणू भिंतीतल्या पायपातून ती हवा खरंच येत होती. बराच वेळ त्यांनी पुढची ओळ घेतली नाही. पाचही वेळा अक्षतानं हे वाक्य एका दमात ओलांडलं होतं. आता ते तिच्या पुढ्यात, इतकं हळू, पहिल्यांदा वाचलं जात होतं, आणि ते वाचणारी ती नव्हती.

तिच्या पोटात पुन्हा आग पडली. ती तशीच बसून पुढच्या ओळीची वाट बघू लागली.